चाकूवरचा निळा डाग

मास्तर, तुमचा चाकू अजून माझ्याकडेच आहे. हे आधी सांगतो, कारण तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं. इथे अकोल्याला माझ्या टेबलाच्या डाव्या खणात तो असतो, म्यानाशिवाय. म्यानाचं चामडं मागच्या पावसाळ्यात बुरशीनं गेलं. तपासायला येणाऱ्या पेपरांच्या गठ्ठ्यांची सुतळी मी त्यानंच कापतो, पेन्सिली त्यानंच तासतो, आणि पेरूच्या दिवसांत माझी मुलगी तो न विचारता उचलून नेते. काल तिनं पेरू कापता कापता पातं उजेडात धरलं आणि म्हणाली, "बाबा, मुठीजवळ हा निळा डाग कशाचा? घासून जात नाही." मी म्हणालो, "जुना आहे." "जुना आहे ते दिसतंच आहे," ती म्हणाली, "कशाचा ते विचारतेय." मग मी सांगितलं की माझ्या आईनं, म्हणजे तिच्या आजीनं, चाकू शुद्ध करायला म्हणून एकदा तो विस्तवात धरला होता. इतक्या वर्षांत इतक्या जणांना मी हे सांगितलं आहे, की ते वाक्य आपोआप तोंडातून निघतं. "आजी पण ना!" म्हणून ती हसली आणि फोड तोंडात टाकून निघून गेली. मला मात्र पुढे पेपर तपासवेनात. महायुद्ध संपलं तरी कागद मिळत नाही, तेव्हा जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी घेतल्या आणि तुम्हाला लिहायला बसलो.

मॅट्रिकचा निकाल लागला त्या दुपारी मी तुमच्या खोलीवर आलो होतो. अमरावतीला शाळेच्या मागे तुमची ती एकच खोली, खाली घोंगडी, कोपऱ्यात माठ. त्या खोलीत मी चार वर्षं गणितं सोडवली, पण त्या माठातलं पाणी कधी प्यालो नाही, आणि तुम्हीही ते कधी पुढे केलं नाही. तुमच्या जातीच्या माणसाच्या हातचं आमच्या आळीत चालत नसे. ते तुम्हाला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, आणि आपण दोघंही अपूर्णांक सोडवत होतो. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "बस. तुह्यासाठी एक वस्तू ठेवली हाये." मला वाटलं फाउंटन पेन. तुम्ही खुंटीवरची पिशवी काढता, पिशवीतून चिंधी काढता, आणि चिंधीतून निघतो वीतभरही नसलेला एक चाकू. काळ्या शिंगाची मूठ, चामड्याचं म्यान, पातं मधून पुढे वाकलेलं, जणू कुणी घाईत ठोकून तसंच ठेवून दिलंय. मुठीपाशी पात्याला एक बारीकशी खाच. तुम्ही तो माझ्या हातात दिला नाहीत, घोंगडीवर ठेवलात. "उचल आता. चाकू हाती देत नसतात. तुहं माहं भांडण नाई झालं पायजे."

मी उचलला. खरं सांगायचं तर मला तो आवडला नाही. पेनाची निराशा होतीच, पण शिवाय तो ओबडधोबड वाटला. पात्यावर हातोडीचे ठोके दिसत होते. बाजारातला विलायती चाकू कसा गुळगुळीत असतो, घडी होऊन खिशात बसतो. तुमच्या ते ध्यानात आलं असणार, कारण तुम्ही लगेच त्याची कहाणी सुरू केलीत. शिवरात्रीला तुम्ही नेपाळात पशुपतीला गेला होता, शेवटची वाट पायी चालून. "देव लांबूनच दिसला, गर्दी लय," तुम्ही म्हणालात. "पण लोहार मातर जवळून पायला. दिवसभर त्याच्या पुढेच बसून होतो." आपले लोहार लालभडक पातं अख्खं पाण्यात बुडवतात. त्यानं बुडवलं नाही. तोटीच्या भांड्यातून नुसत्या धारेवर बारीक पाणी ओतलं, पाठ तशीच राहू दिली. म्हणून धार कडक आणि पाठ चिवट. "आपटला तरी तुटत नाई अन् तासला तरी बोथत नाई." मी खाचेबद्दल विचारलं. "मीनंही विचारलं. तो हासला. त्याची भाषा मले समजे ना, माही त्याले." त्या दिवशीची माझी रोजनिशी समोर उघडी आहे. तिच्यात एवढंच आहे: 'मास्तरांनी नेपाळी चाकू दिला. धार चांगली. दिसायला बेढब.' आभाराचा एक शब्द नाही, मास्तर. पुढल्या पानावर निकालाचे गुण मात्र दोनदा लिहिले आहेत.

मी पास झाल्याची पूजा दुसऱ्याच दिवशी होती. आईला चाकू दाखवला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला, धारेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "मास्तरांनी दिला ना? मग आधी देवापुढे ठेव. आणि केळी यानंच चीर उद्या, विळी जड जाते मला." बस. दुसरं काही म्हणाली नाही. मग ती शेजारी पाट मागायला गेली. त्या वेळी मी सतरा वर्षांचा होतो, सोवळ्याओवळ्याचे नियम आईपेक्षा मला जास्त पाठ होते, आणि त्याचा मला गर्व होता. प्रसादाला लागणारी वस्तू, तेव्हा ती शुद्ध हवी. लोखंड अग्नीनं शुद्ध होतं. म्यान काढून मी बाहेर पडवीत ठेवलं. शिंगाची मूठ जळू नये म्हणून तिला ओलं फडकं गुंडाळलं, आणि पातं चुलीतल्या निखाऱ्यांत खुपसून ते लाल होईपर्यंत बसून राहिलो. बाहेर काढून निवू दिलं तेव्हा त्यावर निळे-जांभळे पट्टे उमटले होते. ते मला सुंदर वाटले. केळी छान चिरली गेली. केळ्याला काय हो, नखानंसुद्धा कापतात. तिसऱ्या दिवशी पेन्सिल तासायला घेतली तर धार दुमडली, पत्र्यासारखी.

चाकू घेऊन तुमच्याकडे आलो. तुम्ही निळा रंग पाहिलात आणि दुमडलेल्या धारेवरून नख फिरवलंत. मग म्हणालात, "याचं पाणी गेलं रे. विस्तवात कोनं टाकला?" मी म्हणालो, "आईनं." पापणी न लवता म्हणालो. "पूजेसाठी." तुम्ही मान हलवलीत. "तिले काही म्हणू नको. तिले काय ठाव." आणि मग माझ्याकडे वळून, "पण तू सायन्स शिकला ना बे? पैला आला ना? पोलाद तापून आपोआप निवलं तं काय होते, हे मायले सांगता नाई आलं?" तुम्ही रागावलात ते एवढंच, आणि तेही भलत्याच गुन्ह्यासाठी.

त्याच दुपारी तुम्ही मला लोहाराकडे नेलंत, जाताना माठातल्या पाण्यानं झारी भरून घेतलीत. ज्येष्ठातलं ऊन, त्यात भात्याची धग. तुम्ही लोहाराला सांगत होता की पातं बुडवायचं नाही, आणि तो सांडशी हातात धरून तुमच्याकडे पाहत होता. "मास्तर, आता मले शायेत बसवता काय? माह्या बापानं जल्मभर बुडवूनच विळे केले." तुम्ही म्हणालात, "तुह्या बापाचे विळे चांगलेच होते. हे येगळं हाये. तू नुसता धर, पानी मी ओततो." आणि तुम्ही उकिडवे बसलात, धोतर गुडघ्यांवर घेऊन, आणि झारीची तोटी टोकापासून मुठीकडे सरकवत नेलीत. चर्र आवाज झाला. वाफेत तुमचा चष्मा पांढरा झाला तरी हात हलला नाही. लोहारानं कानस लावून पाहिली; ती धारेवरून घसरली. "लागलं बाप्पा पानी!" तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मुठीजवळ बोटभर जागा मात्र पाण्यावाचून राहिली, तिथला निळा रंग तसाच राहिला. झारीत घोटभर पाणी उरलं होतं. तुम्ही ती माझ्यापुढे धरून म्हणालात, "पितो काय?" मी म्हणालो, "नाही, तहान नाही." उरलेलं पाणी तुम्ही प्यालात.

मी नागपूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेल्याचं कार्ड आलं. आज मी सायन्सच शिकवतो. दर वर्षी वर्गात पोलादाची सुई तापवून निवू देतो आणि ती वाकवून दाखवतो. मग दुसरी तापवून पाण्यात टाकतो आणि ती काडकन मोडतो. पोरांचे डोळे मोठे होतात. त्यांना वाटतं हे पुस्तकातलं आहे. मला जे नीट येतं त्यातलं बरंचसं त्या घोंगडीवर मिळालं, आणि बिघडलेली वस्तू न बोलता परत नीट करून द्यावी, हे त्या लोहाराच्या दारात. त्याबद्दल तुम्हाला कधी काही म्हणालो नाही. आता म्हणतो. तुमचे माझ्यावर फार उपकार आहेत, मास्तर.

पण रोजनिशीत त्या तारखेला लिहिलंय, 'आईने चाकू अग्नीत शुद्ध केला.' तुमच्याशी खोटं बोललो ते समजू शकतो, भीती होती. वहीत कुणाची भीती होती? आई जाऊन बारा वर्षं झाली. या गोष्टीवर तिला किती जण हसले असतील, आणि ती बिचारी चाकू देवापुढे ठेव म्हणाली होती. ते वाक्य मी आज लाल शाईनं खोडून खरं लिहिलं. संध्याकाळी मुलगी आली की तिलाही सांगणार आहे.

आणि ती विचारील, शुद्ध काय करायचं होतं? ती सरळच विचारते. चामडं तर बाहेर पडवीत होतं. मूठ मी फडक्यात जपली होती. विस्तवात गेलं ते नुसतं पातं, आणि त्या पात्याला दुसरं काहीच लागलेलं नव्हतं, तुमच्या हातावाचून. तुम्ही मला ते हातात न देता घोंगडीवर ठेवलंत, भांडण नको म्हणून. आणि मी घरी जाऊन तुमचा हात त्यावरून जाळून टाकला. तुम्हाला हे तेव्हाच कळलं असेल का, याचा मी कालपासून विचार करतो आहे. कळलं असेल तर झारी पुढे धरलीत ती कशासाठी, याचाही.

हे कागद रोजनिशीच्या त्याच पानात ठेवून देतो. दुसरीकडे कुठे पाठवणार. एकच राहिलं. त्या दुपारी मला तहान लागली होती. फार लागली होती.