कुटुंबांचा कठडा

शनिवार, ३१ जुलै १९३७

आज माझ्या छत्रीला अटक झाली.

गुन्हा – टोक असणे. स्थळ – ढालीच्या फुटबॉल सामन्यांचं मैदान, मोठं फाटक. अटक करणारे विठ्ठलराव, स्वयंसेवकांचे प्रमुख. पोस्टातून निवृत्त झालेले. गळ्यात शिटी, काखेत वेताची छडी, छातीवर जांभळ्या रिबिनीचं फूल. "आचार्य, टोकदार वस्तू आत नाही!" अहो, वरून पाऊस पडतो आहे, मी म्हणालो. "पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो की हो." इतकी वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, आता पुण्याच्या साप्ताहिकाला धारवाडची वार्तापत्रं पाठवतो, वादात सहसा हरत नाही. या युक्तिवादापुढे मात्र भिजत उभा राहिलो. बाहेर पडताना छत्री परत मिळाली ती दुसऱ्याच कोणाची. मुठीला पोपटाचं तोंड. माझ्यासारख्या गृहस्थाने पोपट घेऊन आमच्या मळमड्डीतून चालत जायचं!

घरी हे सगळं साभिनय सांगितलं. माझी बहीण अंबूताई 'बरं झालं' म्हणाली. आणि इंदू हसली. मोठ्याने. मग दचकली, पदर तोंडाशी नेला, आत गेली.

माझी इंदू वीस वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी गदगच्या सासरहून कपाळ पुसून परत आली. तेव्हापासून तिचं जग म्हणजे विहीर, तुळस, स्वयंपाकघर आणि आत्याची जपमाळ. तिची आई असती तर काहीतरी सुचलं असतं. ती इंदू चार वर्षांची असतानाच गेली.

जेवायला वाढताना इंदूने विचारलं, "अण्णा, फुटबॉल असतं कसं?"

सांगू लागलो, आणि मध्येच थांबलो. सांगायचं कशाला? दाखवावं.

सोमवार, २ ऑगस्ट

अंबूताईला विचारलं. माझ्याहून थोरली. नवरा गेल्यापासून तांबड्या आलवणात तीस वर्षं काढलेली बाई. तिने आधी मराठीत नाही म्हटलं, मग कन्नडात – "हेणमक्कळिगे याक बेकु अदु?" बायकांना काय करायचंय ते! कन्नडात बोलते तेव्हा ती खरी रागावलेली असते.

"बाळू, लोक बघतील."

"सगळे चेंडूकडे बघत असतात, अक्का."

"तूच तेवढा चेंडूकडे बघतोस. बाकीचे बघत नाहीत."

तरी बुधवारी नेणार.

बुधवार, ४ ऑगस्ट

नेलं! दोराच्या मागे, चिंचेखाली, स्वयंसेवकांच्या नजरेआड एका कडेला उभे राहिलो. पहिला अर्धा तास इंदू जमिनीकडे बघत होती. मग हळूच – "तो हाताने का धरतो चेंडू? बाकीचे नाही धरत." गोलकीपर समजावला. ऑफसाइड समजावायला गेलो आणि माझंच मला कळेना. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे चेंडूच्या आधी जाऊन वाट बघत बसायचं नाही." इतकं सुटसुटीत लक्षण मला गेल्या पाच वर्षांत सापडलं नव्हतं.

हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपवाल्यांचा तो अनवाणी लेफ्टआउट महादेव चेंडू घेऊन निघाला तेव्हा माझ्या कानाशी कोणीतरी "अय्यो, बिडबेडा!" – सोडू नको! – असं ओरडलं. वळून बघतो तो इंदू.

पण स्वयंसेवक! यांना सामना दिसतच नाही. पाठ मैदानाकडे, तोंड लोकांकडे. कोणाचा अंगठा चुन्याच्या रेघेवर आला की त्यावर छडी. अळणावराकडचं एक कुटुंब आलं होतं – शेतकरी, त्याची बायको, त्याची म्हातारी आई. "पुरुष इकडे, बायका कनातीमागे!" करून त्यांची फाळणी केली. भाकरीचं गाठोडं बायकोकडे, लोटा नवऱ्याकडे, आणि मधे पन्नास माणसं. म्हातारीला कनातीतून काय दिसत होतं? कनात. ती बिचारी कापडाकडे बघून टाळ्या वाजवत होती, इतर वाजवत होते म्हणून.

मी विठ्ठलरावांना गाठलं. "अहो, घरची माणसं आहेत ती. एकत्र आली, एकत्र बसू द्या."

"व्यवस्था आहे, आचार्य, व्यवस्था! येत्या शनिवारपासून तुमच्यासारख्यांसाठी वेगळा कठडाच करतो आहोत. फक्त कुटुंबांसाठी. खुर्च्या, सतरंजी, सगळं. घेऊन या ताईंना."

मी खूश झालो. लिहून ठेवतो – खूश झालो.

गुरुवार, ५ ऑगस्ट

इंदू परसात एकटीच करवंटी पायाने ढकलत होती. विहिरीपासून पेरूपर्यंत. मी खिडकीतून मागे सरलो.

शनिवार, ७ ऑगस्ट

आज उपान्त्य सामना. बघितला नाही.

नीट लिहायचं म्हणून बसलो आहे. क्रमाने लिहितो.

कठडा खरोखरच केला होता. बांबू, सुतळी, आंब्याची पानं. घरच्या कर्त्या पुरुषाला निळी फीत. आणि फाटकाशी व्यवस्थापकांच्या घरच्या हेमावतीबाई – हातात करंडा. येणाऱ्या प्रत्येक बाईला हळदकुंकू, वर गुलाबपाणी. म्हणजे स्वागत! कोणाच्या तरी डोक्यातून निघालेली चांगली कल्पना. पुढच्या बाया कुंकू लावून हसत आत जात होत्या. मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. सुचलं नाही. मी विठ्ठलरावांची थट्टा करण्यात गुंतलो होतो – आज छत्रीला कुंकू लावता का, असं काहीतरी.

हेमावतीबाईंचं बोट करंड्यातून वर आलं आणि इंदूच्या कपाळासमोर थांबलं. वाईट बाई नाही ती. तिला काय करावं कळेना. बोट तसंच. इंदूने मान खाली घातली. मागे रांग. मग कोणीतरी मागून – "काय झालं? चला की!"

विठ्ठलराव धावत आले. "अरे अरे – आचार्य, असं करा, ताईंना कनातीकडे न्या. हा कठडा कुटुंबांचा आहे."

"मग आम्ही कोण?"

"तसं नव्हे हो. सवाष्णी आहेत, लेकरंबाळं आहेत आत. श्रावणातलं पहिलं हळदकुंकू. समजून घ्या."

"ही माझी मुलगी आहे. घरात मी, ही आणि माझी बहीण. आमचं कुटुंब एवढंच आहे."

"रांग अडते आहे, आचार्य!" – आणि शिटी. ती शिटी वाजली तशी एक स्वयंसेवक पुढे झाला आणि त्याने छडी आडवी धरली. इंदूच्या दंडाला लागली ती. जोरात नव्हे. गुरं वळवताना लावतात तशी. "माग सरकरी, माग सरकरी!" – मागे सरका.

तर्कशास्त्रात व्याख्येला अव्याप्तीचा दोष सांगतात. ज्याला आत घ्यायचं तेच बाहेर राहतं. मी हे मुलांना गायीच्या उदाहरणाने शिकवत असे. आज उदाहरण दंड धरून उभं होतं.

"अण्णा, घरी जाऊ," एवढंच ती म्हणाली.

स्टेशनाच्या बाजूने परतलो. मागे मैदानावर मोठा गलका झाला, गोल झाला असणार. ती वळली नाही. मी वळलो.

रविवार, ८ ऑगस्ट

वार्तापत्र लिहिलं. कडकडीत. 'कुटुंब म्हणजे काय हे ठरवण्याचा अधिकार शिटीला कोणी दिला' वगैरे. वाचून बघितलं – उत्तम! मग लक्षात आलं, छापून आलं की पुढल्या आठवड्यात अख्ख्या मळमड्डीत इंदूचं कपाळ चर्चेला येणार. फाडलं. दुसरं लिहिलं, नाव न घेता. त्यात इतकं काही सांगायचं टाळलं होतं की छत्रीबद्दलची तक्रार तेवढी उरली. तेही फाडलं.

नागपंचमी, बुधवार

विठ्ठलरावांच्या घरी गेलो. भांडायला. पायऱ्या चढताना पहिलं वाक्य घोकत होतो.

त्यांनी चहा दिला, सणाचं दिंड पुढे केलं. मग कोणी भांडावं? तरी म्हणालो, "तुमच्या माणसाने माझ्या मुलीला छडी लावली."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "गेल्या वर्षी फाटकात चेंगराचेंगरी झाली, आठवते? ती पोटुशी बाई पडली. मी तिथेच होतो. तिला उचलली मी. तेव्हापासून माणसं रांगेत दिसली की मला बरं वाटतं. दोन-चार माणसं अशी एकत्र घोळक्याने आली की हात शिटीकडे जातो. तुम्हाला हसू येईल."

हसू आलं नाही. याच गोष्टीचा मला राग आला – की याच्यावर धड रागावताही येईना.

"मग शनिवारी काय करता?" मी विचारलं. "अंतिम सामना आहे."

"हळदकुंकू बंद करू? त्या बायका मला जिवंत ठेवतील? एक करतो. तुम्हाला कडेच्या दोन खुर्च्या. मी स्वतः मागच्या बाजूने आत घेतो. कोणाला कळणार नाही."

"कोणाला कळू नये असं तिने काय केलंय?"

त्यांनी निळी फीत माझ्यापुढे ठेवली. दिंड संपवून आलो. ती फीत खिशात घेऊन आलो, हेही लिहितो.

शुक्रवार, १३ ऑगस्ट

इंदूला फीत दाखवली. "तुम्ही जा, अण्णा. तुम्हाला लिहायचं असतं." आवाजात राग नाही, रडू नाही. याचीच चीड येते.

अंबूताईने माळ ओढता ओढता एकदम विचारलं, "बाळू, ते हुबळीचे रेल्वेवाले येतात ना, त्यांच्या बायका कुठे बसतात?"

"पलीकडच्या चढावर. घोंगड्या टाकून. तिकडे कोणी स्वयंसेवक फिरकत नाही. ती काही सभ्य बाजू नव्हे, अक्का."

"हं," म्हणाली. माळ पुढे सरकली.

शनिवार, १४ ऑगस्ट

एकटाच गेलो. कडेच्या खुर्चीवर बसवला गेलो. शेजारी दुसरी खुर्ची, रिकामी. एक वकील बसू लागले तर स्वयंसेवकाने उठवलं – "ही जागा आचार्यांच्या कुटुंबाची आहे." खुर्चीला मान मिळाला. मुलीला नाही मिळाला. बसलो पोपटाची छत्री गुडघ्यांत धरून. आज टोकाला कोणी हरकत घेतली नाही!

सामना सुरू झाला. मळमड्डी विरुद्ध वर्कशॉप. अनवाणी महादेव आमच्या बॅकला दोनदा चकवून गेला. चेंडू पलीकडच्या चढाशी बाहेर गेला, म्हणून तिकडे पाहिलं.

घोंगड्या, लुगडी, फडक्यातल्या भाकरी, बापाच्या खांद्यावर पोरं, नवऱ्याला टेकून बसलेल्या बाया. कोण कोणाचं, कोणी विचारत नव्हतं. आणि त्या सगळ्या रंगीबेरंगी गर्दीत – एक आलवण.

चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. आलवणच. डोक्यावर पदर घट्ट ओढलेला, मूठ वर केलेली, रेफरीच्या नावाने काहीतरी चाललेलं. माझी बहीण! आणि तिच्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन, पुढे वाकून, तोंड उघडं टाकून बसलेली इंदू.

ताडकन उठलो. कठड्याशी स्वयंसेवक. "कुठं, साहेब? मध्ये उठायचं नाही. कुटुंबांनी जागा सोडायची नाही."

"अरे, माझं कुटुंब तिकडे आहे!"

"इकडे कठडा आहे साहेब," तो समजुतीने म्हणाला, "कुटुंब तिकडं कसं असंल?"

खाली बसलो. सामना कोणी जिंकला ते मला शेजारच्या वकिलांना विचारावं लागलं. वर्कशॉपने. दोन विरुद्ध एक.

रविवार, १५ ऑगस्ट

वार्तापत्र इंदूने सांगितलं, मी लिहिलं. दुसरा गोल कोणाच्या पायावरून कोणाकडे गेला, महादेवने मान कुठे वळवली आणि चेंडू कुठे मारला – सगळं. मी 'अप्रतिम' लिहिलं तर म्हणाली, "अप्रतिम नव्हतं अण्णा, गोलकीपर घसरला."

अंबूताईला म्हटलं, "अक्का, तू? आणि लोक?"

"देवाला नैवेद्य दाखवूनच निघाले. तिथं एक चंद्रभागा म्हणून होती, वर्कशॉपातल्या माणसाची बायको. 'बर्री, कूड्री' म्हणाली. या, बसा. बसलो. कपाळ बघितलं नाही तिनं. शेंगा दिल्या. मी खाल्ल्या नाहीत हं! मुठीत धरल्या." जरा थांबून – "आणि तो रेफरी आंधळा आहे, बाळू. तू लिही तसं."

हसत होतो तोवर इंदू म्हणाली, "अण्णा, त्या चंद्रभागाबाईंची बहीण हुबळीला दवाखान्यात नर्सिंग शिकते. तिथंच राहते. शिकवणारी बाई म्हणते अजून मुली हव्या आहेत." मग पायाच्या अंगठ्याकडे बघत, "मी जाऊ?"

'विचार करू' म्हणालो.

मंगळवार, १७ ऑगस्ट

कागद चाळत बसलो. इंदूने दोनदा दाराशी येऊन पाहिलं. मी मान वर केली नाही.

गुरुवार, १९ ऑगस्ट

आज तिने पुन्हा विचारलं. उद्या सांगतो म्हणालो. कालही तेच म्हणालो होतो.

लोकांची भीती नाही. अक्काही म्हणते, जाऊ दे. हुबळी काही लांब नाही.

इंदू गेली की संध्याकाळी मी घरी येऊन कोणाला काय सांगणार, एवढीच भीती आहे. तिच्यासाठी भांडतो आहे असं वाटत होतं. अजून हो म्हटलेलं नाही.