लोड उतरला

३ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबा आता भिंतीला धरून उभे राहतात हे वाचून बरं वाटलं. इकडे विशेष काही नाही. कॉलेज उघडलं. यंदा माझा लोड उतरला, बहुतेक काही उरणारच नाही. विभागप्रमुखांनी बोलावून तसं सांगितलं आणि बसायला खुर्चीही दिली. एरवी ते मला उभ्यानेच वाटेला लावतात.

आज जास्त लिहवत नाही. बाबांना नमस्कार सांग. आहे तसा जीव लावत राहा.

तुझा,
मास्तर

९ जुलै

चि. मास्तर यास अ. आ.

सुटलास रे बाबा एकदाचा! तुझं पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. तोंडाची जी बाजू अजून ऐकते, त्या बाजूने ते हसले. शेजारणीला मी ऐटीत सांगून आले, प्राध्यापकांची मजा असते, घरबसल्या पगार.

आमच्या वॉर्डात उलटी गत. कंत्राटावरच्या मुलींची मुदत वाढवली नाही. माणसं गेली, पेशंट तेवढेच. खाटा पॅसेजमध्ये आल्यात. एकीला सलाइन लावावं तर दुसरी उलटी करते. लोड म्हणजे काय ते माझ्या कमरेला विचार. घरी येऊन बाबांना उचलताना परवा ती अशी धरली की तशीच ओणवी राहिले. डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका. मग कोण उचलणार, हे काही ते बोलले नाहीत.

तेव्हा तू आता मोकळाच आहेस तर थोडे दिवस ये. मला खरंच होत नाही रे आता. रजेचं बघ. आणि माझ्या कुरकुरीचा राग मानू नकोस.

तुझी,
ताई

१५ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

ताई, तुझा गैरसमज झालाय. चूक माझीच, अर्धवट लिहिलं. तुझ्याकडे लोड अंगावर पडतो. आमच्याकडे माणूस त्याच्यावर उभा असतो. आठवड्याला किती तास शिकवायचं, त्याला आम्ही लोड म्हणतो. मी तासांवर नेमलेला. तास आहेत तोवर मी आहे. तर्कशास्त्राला यंदा पुरेशी मुलं आली नाहीत, म्हणून विषय बंद केला. मला कुणी काढलेलं नाही. वेळापत्रक लागलं आणि त्यात मी नव्हतो, एवढंच. रजेचं म्हणशील, तर ती मागायची कुणाकडे?

घरात तुम्ही प्राध्यापक म्हणता, ते ऐकायला गोड लागायचं. म्हणून हे तासांचं लचांड कधी नीट सांगितलं नाही.

स्टाफरूममधला माझा कप घरी आणला. खोली सोडतोय. महिनाअखेरीस सामानासकट येतो. बाबांना उचलायचं काम आल्या दिवसापासून माझं. तेवढा तरी लोड मला राहू दे. शेजारणीला काय सांगायचं ते तू बघ. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
मास्तर

१९ जुलै

चि. मास्तर यास अ. आ.

वॉर्डातल्या चादरींच्या खोलीत उभ्याने तुझं पत्र वाचलं. रडू फुटलं. तेवढ्यात पॅसेजमधून हाक आली, मग तोंड धुऊन गेले. मी काय काय लिहून बसले होते रे! घरबसल्या पगार म्हणाले. माझी मलाच लाज वाटते.

ये. कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केलाय, कपही आण. पुढचं पुढे बघू. मला तुझा आधार होईल, हे मनापासून लिहितेय, तुझी समजूत काढायला नाही.

बाबांना खरं सांगायचा धीर झाला नाही. तू थोडे दिवस रजेवर येतोयस, एवढंच मी सांगितलं. तर ते चिडले. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी मला खूण करून जवळ बसवलं आणि पत्रात एवढं घालच म्हणाले. त्यांचं बोलणं आता मलाच तेवढं कळतं. त्यांचा शब्द मोडवत नाही, म्हणून खाली लिहिते. येताना सांभाळून ये, आणि ताईवरची माया घेऊन ये.

तुझी,
ताई

ता. क. बाबा म्हणतात, माझ्यापायी रजा काढू नकोस. वर्गात मुलं तुझी वाट बघत बसतील.