दहा नंबरचे हातमोजे

वारजे, शुक्रवार, १४ जुलै २००६

प्रिय शालू,

दवाखान्यातून तुला घरी नेलं त्याला आज नऊ दिवस झाले. मी भेटायला आले तेव्हा तू झोपली होतीस, म्हणजे मी तसं समजून परत फिरले. खरं सांगते, तुझा उजवा हात मनगटाशीच संपलेला दिसला आणि माझा धीर सुटला. चौथीपर्यंत एका बाकावर बसलो आपण. फळ्यावर सुविचार लिहायला गुरुजी तुलाच उठवायचे आणि माझं अक्षर बघून कपाळाला हात लावायचे. आणि शहरात येऊन टायपिंगवर पोट भरते ती मी. काय म्हणावं याला.

आमच्या संस्थेत सगळं शिस्तीत चालू आहे. आपल्या गावच्या कचरा प्रकल्पाचा फोटो श्रीनिवास सरांनी भिंतीवर लावलाय. नारळ फोडताना तुझे यजमान, महिपती दाजी, अगदी मधोमध, टोपी घालून. त्यानंतर ते शेडकडे कितीदा फिरकले हे तुलाही ठाऊक आणि मलाही. रविवारी गडावर येणाऱ्या पुण्याच्या पोरांच्या बाटल्या, प्लास्टिक, सगळं वेचून निवडायचात तुम्ही सहा जणी. दाजी म्हणायचे, झाडलोट बाईचीच, त्यात नवीन काय. शेडची किल्ली मात्र त्यांच्या कमरेला.

मोज्यांचं तू मला दिवाळीत हसत हसत सांगितलंस. हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीने दिलेले ते रबरी मोजे दहा नंबरचे, पुरुषांच्या मापाचे. बोटांपुढे मोजा नुसता लोंबायचा, काच धरता यायची नाही, म्हणून सगळ्या जणींनी काढून ठेवले. एक जोडी दाजींनी शेतात औषध मारायला नेली. मीही तुझ्याबरोबर हसले. शालू, ते माप माझ्यामुळे आलं. कामगारांची यादी मी केली होती. काम कोण करतं ते मला माहीत होतं, पण ग्रामपंचायतीने घरच्या कर्त्या माणसांची नावं कळवली आणि मी मुकाट्याने तीच घातली. सहा नावं, सहाही पुरुष. नोकरी नवी होती म्हणावं, तर तेही खरं नाही. मला त्यात काही वावगंच वाटलं नाही, याची जास्त लाज वाटते.

तू म्हणे सगळ्यांना सांगतेस, माझीच चूक, मीच उघड्या हाताने काच उचलली, म्हणून जखम चिघळून हात गेला. असं बोलू नकोस गं.

हे पत्र पोस्टात न टाकता स्वारगेटला हिंमतराव कंडक्टरच्या हाती देतेय, कारण ते रविवारच्या आत तुला मिळायला हवं. सोमवारी श्रीनिवास सर फळं घेऊन घरी येतील, गोड बोलतील. सोबत एक कागद असेल. तू संस्थेची कामगार नव्हतीस, स्वखुशीने शेडमध्ये जायचीस, तुझी काही तक्रार नाही, असं त्यात लिहिलंय. दाजींनी होकार कळवलाय. सही जमणार नाही म्हणून तुझ्या डाव्या अंगठ्याला शाई लावतील. देऊ नकोस. अंगठा उमटला की पुढच्या उपचारांची जबाबदारी संपली, आणि दोन वर्षं तू तिथे राबलीस हेही पुसलं गेलं. त्यांना म्हण, यादी वासंतीने केली, तिला विचारा. मी खरं तेच सांगेन, नोकरी गेली तर जाईल. पण माझ्यावर फार विसंबू नकोस. आज सकाळी सरांनी मजकूर सांगितला आणि मी तो शब्दन् शब्द उतरवून घेतला. तो कागदही मीच टाइप केलाय.

तुझीच,
वासंती