वेताच्या दोन काठ्या

ता. ९ जून

चि. धाकटू यास,
ताईचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. घरचा फोन उचलायचा नाही आणि पत्राला मात्र लगेच उत्तर द्यायचं, ही तुझी तऱ्हा आता माझ्या अंगवळणी पडली आहे. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना तू सोडवतोस आणि स्वतः वर्षानुवर्षं मधल्याच मजल्यावर अडकून बसला आहेस, असं प्रयोगशाळेतल्या आमच्या बाई म्हणाल्या. मी हसले खरी, पण मग दिवसभर कशात लक्ष लागेना.

इकडे बाबांचं बरं नाही. हृदय थकलंय, जिने चढू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. तपासणीसाठी रक्त मीच काढलं. हात एवढा वाळलाय की शीर सापडेना. खुर्च्या विणून घ्यायला आता कुणी फिरकत नाही. पुढच्या खोलीत वेताची एकच मोळी उरली आहे, तिच्याकडे बघत बसतात.

एक नवल मात्र घडलं. शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर एक कार्यक्रम लागतो. शहरात वाढलेली एक मुलगी फिलिपिन्समधल्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडे राहून तिथली जुनी काठीची विद्या शिकते. काठ्या वेताच्या, हातभर लांबीच्या. गुरुजी वेत विस्तवावर फिरवायला लागले तसे बाबा खुर्ची पुढे ओढून बसले, आणि तो अजून ओला आहे, फुटेल, असं चक्क टीव्हीला सांगितलं. आई गेल्यापासून त्यांना आपणहून बोलताना मी ऐकलंच नव्हतं. जाहिराती लागल्यावर त्यांनी मला विचारलं, लिफ्टवाल्यांना फार जड वजनं उचलावी लागतात का. नाव नाही घेतलं तुझं. लिफ्टवाल्यांना, एवढंच.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी ताई

ता. २४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला स्वेटर नेहमीप्रमाणे दोन मापं मोठा आहे. तुझ्या हिशेबी मी अजून वाढतोच आहे बहुतेक. तो घालून लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरलो तर आमचा फोरमन विचारतो, आत अजून कोण आहे?

तुझा तो कार्यक्रम आमच्या कामगारांच्या खोलीतही लागतो. मुद्दाम बसलो बघायला. गुरुजींनी पहिला वार दाखवायला काठी वर नेली आणि मी उठून बाहेर आलो. सगळे हसले. चहा सांडला म्हणून उठलो, असं सांगितलं.

ताई, मी चाळिशीला आलो. पण वेत हवेतून येतानाचा तो बारीक आवाज आला की माझे गुडघे आपोआप जवळ येतात. ज्यांच्या दुकानात वेताच्या तुकड्यांना तोटा नव्हता, त्यांना मारायला कारणाचाही तोटा नव्हता. पेला फुटला, मार. उशीर झाला, मार. मलम तूच लावायचीस, तेव्हा तुला वेगळं काय सांगू. सतराव्या वर्षी तो उंबरठा ओलांडला तो ओलांडला.

त्यांच्या औषधांचं काय लागेल ते कळव. पण वेताबद्दल लिहू नकोस, एवढं ऐक.

तब्येत सांभाळ. तुझा जीव माझ्यावर आहे, तो तसाच असू दे.
तुझा धाकटू

ता. १५ जुलै

चि. धाकटू यास,
अ. उ. आशीर्वाद.

तू नको म्हणालास तरी लिहिते आहे. रागावलास तर रागाव.

त्या विद्येत दोन काठ्यांचा एक खेळ आहे. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं आणि काठ्या एकमेकींच्या वरून-खालून फिरवायच्या. त्याला त्यांच्या भाषेत नाव आहे ते विणकामावरून. हे ऐकून बाबांनी कितीतरी वेळ स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मोळी सोडली आणि वेत तासून काठ्यांच्या दोन जोड्या केल्या. दुसरी कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

मागच्या शनिवारी त्या मुलीचा हात चुकला आणि गुरुजींची काठी तिच्या बोटांवर बसली. बोटं सुजली. सकाळी बघावं तर गुरुजींच्या आधी ती अंगणात हजर. बाबांनी मला विचारलं, ही परत का येते? मी म्हटलं, तिच्याही हातात काठी आहे ना, बाबा. त्यांनी ताट तसंच सरकवलं. मला वाटलं, माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी मी कामावर निघताना ते दाराशी येऊन उभे राहिले. त्याला रजा मिळते का विचार, म्हणाले. ये म्हणून सांग, असं नाही म्हणाले. विचार, म्हणाले.

डॉक्टरांचा चेहरा मला वाचता येतो, रोज त्यांच्यासोबत काम करते. फार वेळ नाही, धाकटू.

माझ्यावरचा तुझा विश्वास उणा होऊ देऊ नकोस.
ताई

ता. २ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र खिशात घालून फिरतोय. कबूल काहीच करत नाही. येत्या रविवारी जमलं तर येईन, संध्याकाळच्या गाडीने. त्यांना सांगू नकोस. मी नाहीच आलो तर निदान त्यांनी वाट पाहिलेली नसेल.

तुझा
धाकटू

ता. २१ ऑगस्ट

चि. धाकटू यास,
अ. उ. आशीर्वाद.

बाबा गुरुवारी गेले. सकाळचा चहा घेतला, खुर्चीत मागे टेकले, आणि मी कप उचलायला गेले तेव्हा संपलं होतं. तुझ्या ऑफिसात फोन केला. तू बाहेरगावी कामावर गेला आहेस, निरोप देतो, असं म्हणाले. मी थांबता येईल तेवढं थांबले. मग शेजारच्या शिंप्याने पुढचं सगळं केलं.

त्या रविवारी मी दोन गाड्या होईपर्यंत मागच्या खोलीत जागी बसले होते. बाबांना काही सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस तसंच केलं.

मी रागावलेली नाही. रागवायला अंगात जोर लागतो. तुला निरोप मिळाला की नाही, एवढंच कळव.

ताई

ता. १ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निरोप मिळाला होता. लिफ्टच्या खड्ड्यात काम चाललं होतं, तिथेच खाली बसून राहिलो. वर यायला सांगून सांगून फोरमन थकला.

ताई, त्या रविवारी मी आलो होतो. गाडीतून उतरलो, गल्लीच्या कोपऱ्यावरून फळं घेतली, शिंप्याच्या दुकानापर्यंत आलो. आपल्या पुढच्या खोलीत दिवा होता. काचेतून बाबा दिसले. एकटेच उभे होते. किती लहान झाले होते गं! आणि त्यांच्या हातात वेत होता, हात डोक्याच्या वर.

मला ठाऊक होतं की ही त्या कार्यक्रमातलीच विद्या आहे. काठ्यांचं तू लिहिलं होतंस. तरी पाय वळले. फळांची पिशवी शिंप्याच्या पायरीवर टाकून पळालो मी. चाळिशीचा बाप्या पळाला. दुसऱ्याच दिवशी फोरमनकडे लांबचं काम मागून घेतलं.

आता मला काय म्हणायचं ते म्हण.
धाकटू

ता. ९ सप्टेंबर

चि. धाकटू यास,
अ. उ. आशीर्वाद.

हे तुला लिहावं की नाही, याचा आठवडाभर विचार केला. लिहिलं नाही तर जन्मभर तुला त्या हाताची भीती वाटत राहील. लिहिलं तर दुसरंच काहीतरी छळत राहील. यातलं कमी वाईट कुठलं, ते मला ठरवता आलं नाही. शेवटी खरं तेच लिहिते आहे.

बाबांनी हात उगारला नव्हता. त्या विद्येतला मारायचा वार त्यांनी एकही शिकून घेतला नाही. रोज संध्याकाळी मला काठी देऊन वार करायला लावायचे आणि स्वतः फक्त अडवायचे. डोक्यावर येणारा वार अडवायला काठी अशी वर आडवी धरायची असते. तेवढंच त्यांना जमेना, म्हणून मी स्वयंपाकाला गेले की एकटेच करून बघायचे. मी एकदा चिडून म्हटलं, निम्मंच काय शिकता? तर म्हणाले, तो आला तर त्याला मारू दे, मला नुसतं उभं राहता आलं पाहिजे.

पायरीवर सापडलेली फळं शिंप्याने बाबांना होतील म्हणून आणून दिली होती. कुणाची, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघांनी खाल्ली. बाबांनी दोन फोडी जास्त मागून घेतल्या.

महिनाअखेर मी पुढची खोली रिकामी करते आहे. एकटीला होणार नाही. ये. कुठल्या गाडीने येतोस ते मात्र नक्की कळव. मी गल्लीच्या कोपऱ्यावर येऊन उभी राहीन, तिथून पुढे आपण बरोबर चालू.

तुझ्यावरची माया तिळभरही कमी झालेली नाही.
तुझी ताई