म्हशीला पंख

ता. १२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचा उजवा हात अजून उचलत नाही, हे वाचलं. एप्रिलात येतो, बाबांचं मी बघतो, तू नर्सिंगला जा, हा माझा शब्द आहे. पण ताई, मी इथे पुरता अडकलोय.

आमच्या शेडमध्ये एका दातांच्या डॉक्टरची शिडाची बोट आली आहे. लहानच, पण आत झोपायचे बाक, शेगडी, पाण्याची टाकी, सगळा संसार. तिच्या पोटाखाली आम्ही पंख बसवतोय. ते पाण्यातच राहतात. बोटीने वेग धरला की तिला वर उचलतात, आणि बोट पाण्याला अंग न लावता पळते. शर्यतीच्या हलक्या बोटींना हे जमतं. ही मात्र म्हैस आहे. आम्ही तिला म्हैसच म्हणतो, डॉक्टरांसमोर सोडून.

पंखांचे खांब आतून पक्के करायला मागच्या बोळकांडीत सरपटत जावं लागतं. तिथे मावणारा काडीपैलवान मी एकटा. आणि शेड चालवणाऱ्या उस्तादांचा नियम असा, की ज्याने पंख बसवले त्याने बोट उठेपर्यंत शेड सोडायची नाही, कारण आत काय केलंय ते त्याच्याच हातांना ठाऊक. म्हैस उडाली की मी सुटलो.

बाबांना नमस्कार. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी


ता. २९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. म्हशीला पंख म्हटल्यावर ते डाव्या बाजूने हसले. कितीतरी दिवसांनी हसले, म्हणून परत वाचलं. परत हसले.

शाळेच्या खिडकीतून पळणारा तू, आता बरा बोळकांडीत सापडलास. मास्तरांना कळवायला हवं.

इकडचं सांगते. बाबांचं कारण ऐकून नर्सिंगची माझी जागा कॉलेजने गेल्या वर्षी राखून ठेवली. या जूनच्या पहिल्या आठवड्यात हजर झाले नाही तर ती दुसरीला जाईल, असं तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय. बाबांना एकटं ठेवता येत नाही. शेजारच्या काकू जरा बसतात, तेवढ्यात मी धावत बाजार करून येते. तुझी म्हैस उडेपर्यंत मीही दावणीलाच आहे म्हण.

नाकावर फडकं बांधून काम कर. आशीर्वाद आहेतच, सोबत थोडा रागही धाडते.

तुझी,
ताई


ता. २२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. विनंती पुढे आहेच.

म्हैस उडाली नाही. पुढचं टोक वीतभर वर आलं आणि थाडकन आपटलं. डॉक्टरीणबाईंच्या हातातली किटली माझ्या मांडीवर. उस्ताद म्हणाले वजन उतरवा. डॉक्टर म्हणाले, चहाला शेगडी नाही आणि पाय पसरायला बाक नाही, तर अशा बोटीत राहायचं कसं. दोघांचंही खरं, त्यामुळे मेलो मी. खांब परत उघडून पंखांचा तिरपेपणा बदलायचा ठरलंय.

काल त्यासाठी आत शिरलो आणि खांदा अडकला. पुढे जाता येईना, मागेही येता येईना. नाकाला लागून बोटीची भिंत, त्यात चिकटवायच्या रेझिनचा वास. ओरडलो, पण बाहेर घासायचं मशीन चालू. मग गप्प पडून राहिलो, आणि मला काय दिसावं, तर बाजारातून पिशवी घेऊन धावत येणारी तू.

शेवटी उस्तादांनी पाय धरून ओढलं. खांद्याची साल गेली. ते म्हणाले, इथे येऊन अंगाने भरलायस, लवकर उरक, नाहीतर पुढच्या खेपेला बोट कापून तुला काढावं लागेल.

मेअखेर परत चाचणी. रागावू नकोस, असं कुठल्या तोंडाने म्हणू?

तुझा,
भिंगरी


ता. ७ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

रागावले नाही. खांद्याला मलम लाव.

एकच विचारते. उस्तादांनी नियम घातलाय, कुलूप तर घातलं नाही ना? तुला यायचंय का, तेवढं कळव. नाही म्हणालास तर बाईंना तसं कळवून मी विषय संपवते. नाही हे पचेल रे मला. हे मधलं लटकणं पचत नाही.

तुझी,
ताई


ता. २६ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

म्हैस उडाली.

एकदा तरी बोट रिकामी करून बघू या, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. शेगडी, गाद्या, टाकी, नांगराची साखळी, सगळं धक्क्यावर उतरवलं. डॉक्टरांच्या म्हाताऱ्या आईला सामानावर लक्ष ठेवायला बसवलं. वारा धरला, बोट उठली आणि ताई, पाण्याचा आवाजच थांबला. डॉक्टर पोरासारखे हसत सुटले. मला वाटलं, आता मागे फिरूच नये.

परतलो तर आजीबाई गादीवर तशाच बसलेल्या, भर उन्हात, डोक्यावर पातेल्याचं झाकण धरून. त्यांना सावलीत बसवावं हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं. त्यांनी कौतुकाने विचारलं, मजा आली का. मी त्यांना हाताला धरून सावलीत नेलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. यायचं नव्हतं. नियमाआड दडून बसलो होतो. उस्तादांनी दुसरी बोट देऊ केली आहे, पगारही वाढवतात म्हणे. मी नको म्हणालो. म्हणताना जीभ जड झाली, हेही लिहून ठेवतो.

निघतोय. तू सामान बांध.

तुझा,
भिंगरी


ता. १९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हॉस्टेलचा पत्ता मिळाला. खोलीतली मैत्रीण घोरते म्हणतेस, तिला कुशीवर वळव, शिकलीच असशील.

बाबांना वळवायला मलाही येऊ लागलंय. घास भरवताना माझी घाई होते, मग ते तोंड मिटून घेतात. दुपारी घर अंगावर येतं. तू एवढे दिवस कसे काढलेस, हे विचारायचं धाडस होत नाही.

काल काकू बसल्या होत्या, तेव्हा बाबांनीच डाव्या हाताने खूण केली, जरा फिरून ये. मी नाक्यापर्यंत गेलो. तिथून लांबच्या गाड्या सुटतात. एक सुटली, दुसरी सुटली. तिसरीच्या कंडक्टरने विचारलं, येतोस का. मी उभाच.

परत आलो तर बाबा जागे होते. काकू म्हणाल्या, केव्हाचे झोपेला आलेत, पण डोळा मिटत नाहीत. मला बघितलं, आणि मग मिटला.

अभ्यास नीट कर. कधी येतेस ते विचारणार नाही.

तुझा,
भिंगरी