फाटलेला चहा

३ फेब्रुवारी
आज पुन्हा आईंचा चहा फाटला! प्रज्योतने आपल्या आईपायी दूधवाल्याला फोनवर झापलं, उद्यापासून येऊ नकोस म्हणाला.
आमचं आणि पाहुण्यांचं सगळं जारच्या पाण्यात, पिशवीच्या दुधात. सासूबाईंना मात्र चहा-जेवणाला गावचंच दूध आणि आपल्या विहिरीचंच पाणी. जारचं पाणी मेलेलं असतं म्हणे.

९ फेब्रुवारी
होमस्टेच्या सगळ्या खोल्या भरल्या. टाकी वाहून लॉनवर तळं झालं, पाहुण्यांची मुलं त्यात खेळली. उठलं की आधी विहिरीच्या मोटरचं बटण, मग चूळ — ही या घरची सवय, सासऱ्यांच्या वेळची. तेव्हा नारळी-सुपारीची वाडी होती. आता तिथे खोल्या आहेत.
एक बाई म्हणाल्या, साबणाला फेस येत नाही. साबण बदलला.

२१ फेब्रुवारी
आईंचं प्रेशर फार वाढलंय. डॉक्टर म्हणाले, मीठ बंद. घरी आल्या आल्या लोणच्याची बरणी आणि सुक्या बोंबलांचा डबा माळ्यावर टाकला.

८ मार्च
प्रेशर अजून वर! गोळी वाढवली. मी अळणी करून घालतेय, मग वाढतं कसं? चोरून खात असणार, दुसरं काय! शेवटी विचारलंच.
"न्हाय गो," म्हणाल्या. आणि वर — सगळंच खारट लागतं.
मला हसूच आलं. अळणी आमटी खारट? मग चिडलेच. म्हटलं, आई, उगाच काहीतरी सांगू नका. त्यानंतर त्या विषयावर त्या बोलल्याच नाहीत.

१६ मार्च
मागच्या दारच्या उरल्यासुरल्या सुपारीच्या झाडांची पानं टोकांकडून करपताहेत. प्रज्योत म्हणतो, पाणी कमी पडतंय. मोटर संध्याकाळीही लावायला सुरुवात केली.

२ एप्रिल
आई मोरीत पडल्या. तोंड वाकडं झालं. तसंच अलिबागला नेलं.

३ एप्रिल
उजवी बाजू गेली.

६ एप्रिल
प्रज्योतबरोबर कपडे न्यायला घरी आले. जार रिकामा. तहान इतकी, की आईंच्या माठातलं पाणी घेतलं — आणि थुंकलं. खारं! निव्वळ खारं!
विहीर उपसत राहिलो आम्ही. गोडं पाणी संपलं, त्याच्या जागी समुद्र आत आला. आणि बोल कुणाला लावले? दूधवाल्याला, साबणाला, बोंबलांना. आईंना! रोज चूळ भरताना मला कळलं नसेल? कळलं असणार. लक्ष कुठे होतं?
प्रज्योतने एक घोट घेतला आणि पायरीवरच बसला. मोटर बंद. लॉन जळालं तर जळू दे. आंघोळीला टँकर मागवू. मला स्वतःची किळस येतेय.

१९ एप्रिल
आई घरी आल्या. पाणी मागितलं — विहिरीचंच. मी जारचं चमच्याने पाजलं, विहिरीचं म्हणून. त्यांनी ते तोंडात घोळवलं, गिळलं. जड जिभेने हळूहळू बोलल्या, "आज गोड हाय पानी. मना वाटलेला, माजी जीभच गेली."
पदर तोंडात धरून मोरीत गेले.

२० एप्रिल
उठले, केस बांधले, चूळ भरली, आईंना कूस बदलून दिली. बाहेर टाकी वाहायला लागली तेव्हा लक्षात आलं — बटण मीच दाबलं होतं.