चालू स्थितीतलं कांडपयंत्र

नागपूर, ८ फेब्रुवारी १९८२

ती. भागीरथाताईस, धाकट्या वसंताचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

लहान धंद्यांच्या सरकारी मदतीवरचा आमच्या कचेरीचा पाहणी-अहवाल पूर्ण झाला. मिरची-कांडपाचं प्रकरण मी लिहिलं. तुझ्या यंत्राचा झेंडूच्या माळेसकट फोटो आला होता. खाली मी 'चालू स्थितीत' असं लिहिलं. साहेब खूश आहेत. आता तू शेठाणी झालीस, भावाला ओळख देत जा. भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवावा.

तुझा वसंत

खापरखेडा, १३ फेब्रुवारी

चि. वसंतास आशीर्वाद.

शेठाणीचं ऐक. ते यंत्र आल्यापासून एकदाही फिरलं नाही. विजेचे खांब आमच्या वस्तीच्या अलीकडेच संपले. दसऱ्याले विळ्या-कुऱ्हाडीची पूजा केली, तशी त्याचीही केली. दुसऱ्या दिवशी तुमचा माणूस आला, माळ पाहिली, चहा पिला, फोटो काढून गेला. शेजारची गोपिका त्याले म्हणाली की पूजा तर आम्ही कुदळीचीही केली, तीही विजेवर चालते असं लिहून टाक गा. तो नुसता हसला.

खांबासाठी मी अर्ज केला होता. काल उत्तर आलं: पाहणीनुसार यंत्र चालू आहे, तक्रारीत तथ्य नाही. तुझ्या दोन शब्दांनी माझा अर्ज मेला. यंत्र येणार म्हणून मी हाताचं कांडण सोडलं. माझं गिऱ्हाईक आता कन्हानले जाऊन राहिलं. आणि तू? दिवाळीले याच घरात कंदिलाच्या उजेडात जेवलास. काहून लिहिलं असं? माय असती तर तुझा कान पिळला असता.

रागावली तरी तुझीच,
ताई

नागपूर, २४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

लिहिताना तुझं घर आठवलंच नाही. समोर फक्त रकाना होता. रजा टाकून सायकलने अहवालातल्या आणखी नऊ जणींकडे गेलो. सात यंत्रांवर धूळ, दोन अजून पेटीतच. त्यांची नावं सोबत लिहिली आहेत. मी दुरुस्ती लिहून दिली. साहेब म्हणाले, अहवाल वर गेला, आता बहिणीसाठी फिरवतोस का? मला मेमो मिळाला आहे. सोमवारी, ८ मार्चला, अकरा वाजता जाब द्यायचा आहे. तुझ्या अर्जाचं मात्र मला काही जमलं नाही. रागावलीस तरी पत्र थांबवू नकोस.

तुझा वसंत

खापरखेडा, १ मार्च

चि. वसंतास आशीर्वाद.

गोपिका आणि मी त्या नऊ जणींकडे जाऊन आलो. सोमवारी आम्ही दहाही जणी येऊन राहिलो. वस्तीतल्या धोंडबाचा ट्रॅक्टर ठरवला आहे, यंत्रं त्यातच. तुमच्या कचेरीत वीज आहे, तर तिथंच लावून पाहू चालू स्थितीत आहेत का ते. तुझ्यावर लोभ आहे, म्हणून आधी कळवलं. वाळल्या मिरच्या आम्हीच आणतो. साहेबाले म्हण, पंखा बंद ठेवा.

तुझी ताई